चिकन धुवायचं की नाही?

रविवारी सकाळी माहीमच्या गोपी टँक मार्केटमध्ये चिकनच्या रांगेत पाच मिनिटं उभे राहा. "बर्ड फ्लू आलाय म्हणतात, घ्यावं का?" "अंडी तरी चालतील ना?" मी जिवाणूंवर पीएचडी करते हे कळल्यापासून शेजारच्या काकू हे प्रश्न थेट मलाच विचारतात. सगळ्यांना भीती ताटातल्या रश्श्याची. मला काळजी वाटते ती त्याच्या तासभर आधीच्या सिंकची.

आधी नवापूर आठवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात एच५एन१ सापडला, भारतात पहिल्यांदाच. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. राज्यभर लोकांनी चिकन खाणं सोडलं, पोल्ट्रीवाले बुडाले. तिथल्या माणसांचेही नमुने तपासले. एकालाही लागण झालेली आढळली नाही.

हा विषाणू उष्णतेपुढे टिकत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की तो संपतो, आणि आपला रस्सा तर १०० च्या आसपास रटरटत असतो. फ्रीजरवर मात्र विसंबू नका, थंडीत तो उलट जास्त दिवस तग धरतो. अंड्याचंही तेच. लागण झालेल्या कोंबडीच्या अंड्यात, आत आणि कवचावर, विषाणू असू शकतो. बलक वाहतोय म्हणजे तिथवर पुरेशी उष्णता पोचलेली नाही, म्हणून साथीच्या दिवसांत हाफ फ्राय बंद. (गावठी की पांढरं, हा प्रश्न चवीचा आणि खिशाचा. इथे त्याचा संबंध नाही.)

मग धोका कुठे? मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी एच५एन१ने गेली. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं. घरच्यांनी सांगितलं की चिकन कापताना तिला एक कच्चा तुकडा दिला होता. तेच चिकन शिजवून बाकीच्यांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही. मला ही बातमी वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण बर्ड फ्लू रोज येत नाही. कच्च्या चिकनवर नेहमी सापडतात ते साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू. जुलाब झाले की आपण "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल" म्हणतो, तेव्हा कधीकधी दोष घरच्याच ओट्याचा असतो. नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की बारीक शिंतोडे उडतात : सिंकच्या कडेला, पालथ्या घातलेल्या ताटांवर, चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर. चिकनवरचे जिवाणू पुढे शिजून मरतात. कोथिंबीर मात्र कच्चीच पोटात जाते. हळद-मीठ चोळल्याने वास जातो, जिवाणू जातीलच असं नाही. त्याच सुरीने आणि त्याच पाटावर नंतर काकडी चिरली, तर कोशिंबिरीतूनच सगळं पोचतं.

म्हणून पुस्तकी उत्तर एवढंच : धुवू नका. आणि हाडाजवळ लालसर दिसलं तर घाबरू नका. ब्रॉयलर जेमतेम दीड महिन्याचा असतो, त्याच्या कोवळ्या हाडातला रंग शिजवतानाही बाहेर झिरपतो. रंगावरून शिजलंय की नाही हे ठरत नाही, तुकडा आतपर्यंत गरम झालाय का ते महत्त्वाचं.

ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही तो दुकानात ठोकळ्यापाशी उभा असतो. जिवंत कोंबडी हाताळणारा, पिसं काढणारा, दिवसभर उघड्या हातांनी काम करणारा. साथ आली की सगळ्यात जवळ तो असतो. गिऱ्हाइकं पळाली की आधी कमाई त्याचीच जाते.

हे सगळं मी आईला समजावलं. "न धुतलेलं चिकन माझ्या घरात शिजणार नाही," ती म्हणाली. शेवटी तडजोड झाली. आता ती नळाखाली न धरता पातेल्यात पाणी घेऊन हळूच बुडवते, ते पाणी सांभाळून ओतते, सिंक साबणाने घासते आणि स्वतःचे हातही. काकडी त्याआधीच चिरून, झाकून फ्रीजमध्ये गेलेली असते.