छायाचित्रकाराचे संकेतस्थळ आणि चित्रदालनाची निवड

तालुक्याच्या गावातील कोणत्याही फोटो स्टुडिओसमोर क्षणभर उभे राहिले, तर प्रथम नजरेत भरते ते त्याचे दर्शनी काचेचे कपाट. नवरानवरीचे जोडचित्र, बाळाचे पहिले छायाचित्र, गावच्या जत्रेतील पालखी, एखादे पारितोषिक मिळालेले निसर्गचित्र अशी निवडक चित्रे त्यात मांडलेली असतात. ती पाहूनच गिऱ्हाईक पायरी चढते. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली संस्था १८५४ साली स्थापन झाली. तेव्हापासून आजतागायत या व्यवसायाने आपली कला अशीच लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवून कमाई केली आहे. आता मात्र हे कपाट रस्त्यावरून उठून मोबाईलच्या पडद्यावर गेले आहे. लग्नाची सुपारी देण्यापूर्वी घरची मंडळी छायाचित्रकाराचे काम प्रथम मोबाईलवर पाहतात आणि मग दूरध्वनी करतात. साहजिकच संकेतस्थळावरील हे चित्रदालन, म्हणजे व्यवहारातील शब्दात 'गॅलरी', कोणत्या साधनाने उभारावे, हा प्रश्न लहानमोठ्या सर्वच छायाचित्रकारांपुढे उभा राहिला आहे. शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांचीही संकेतस्थळे असतात आणि त्यांवरही छायाचित्रे चढवली जातात. त्यामुळे हा विषय केवळ एका धंद्यापुरता राहिलेला नाही.

गॅलरीचे साधन म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल. कॅमेऱ्यातून निघालेले मूळ चित्र संकेतस्थळावर जसेच्या तसे ठेवता येत नाही, कारण ते फार जड असते. साधन त्याच्या निरनिराळ्या आकारांच्या प्रती तयार करते. यादीत दिसणारी लघुप्रतिमा, मोबाईलसाठी मध्यम प्रत आणि संगणकाच्या पडद्यासाठी मोठी प्रत, असा हा क्रम असतो. पुढे ती चित्रे ओळीने मांडणे, बोटाच्या स्पर्शाने एकामागून एक उलगडणे, त्यांचे विषयवार गट पाडणे आणि खाली मजकूर दाखवणे, ही कामेही तेच साधन करते.

असे साधन मिळवण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला मार्ग भाड्याच्या जागेचा. फ्लिकर, स्मगमग, पिक्सीसेट यांसारख्या कंपन्या आपल्या सर्व्हरवर जागा आणि मांडणी दोन्ही देतात. छायाचित्रकाराने फक्त चित्रे चढवायची आणि महिन्याचे वा वर्षाचे भाडे भरायचे. दुसरा मार्ग स्वतःच्या संकेतस्थळातच गॅलरी बसवण्याचा. वर्डप्रेस या मोफत प्रणालीत २००८ पासून गॅलरीची सोय अंगभूत आहे आणि तिच्यासाठी जोड-साधने, म्हणजे प्लगइन, कितीतरी उपलब्ध आहेत. खास छायाचित्रांसाठी बनवलेली पिवीगो ही प्रणालीही याच प्रकारची. २००२ साली फ्रान्समध्ये तिचा आरंभ झाला. ती मुक्त परवान्याची असून साध्या होस्टिंगवरही चालते. तिसरा मार्ग त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. आपल्याच संगणकावर जेअल्बम किंवा डिजीकॅम यांसारख्या कार्यक्रमाने संपूर्ण गॅलरीची तयार पाने बनवायची आणि ती सर्व्हरवर नेऊन ठेवायची. या पद्धतीत सर्व्हरवर चालणारा कार्यक्रम किंवा माहितीकोश नसतो. त्यामुळे बिघडण्यासारखे फारच थोडे उरते.

यांपैकी कोणता मार्ग चांगला, असे विचारले की बहुतेक जण देखणेपणाची तुलना करू लागतात. देखणेपण महत्त्वाचे आहेच. परंतु ते आज जवळजवळ सर्वच साधनांत मिळते. खरा कस लागतो तो काळाचा, आणि या बाबतीत गेल्या वीस वर्षांचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

फ्लिकर ही सेवा २००४ साली कॅनडात सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती याहू कंपनीने घेतली. २०१३ साली सर्व सभासदांना एक टेराबाइट जागा विनामूल्य देण्यात आली. हजारो छायाचित्रकारांनी आपला सारा संग्रह तेथे नेऊन ठेवला. एप्रिल २०१८ मध्ये ती स्मगमगच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विनामूल्य सभासदांना एक हजार चित्रांची मर्यादा घालण्यात आली. मर्यादेपलीकडील चित्रे काढून टाकण्यास २०१९ साली प्रारंभ झाला. मुक्त परवान्याने दिलेल्या चित्रांना सूट मिळाली, हे मात्र नमूद केले पाहिजे. पिकासा ही गूगलची लोकप्रिय सेवा २०१६ साली बंद करण्यात आली. फोटोबकेट या सेवेने २०१७ च्या मध्यास नियम बदलले आणि तेथे ठेवलेली चित्रे अन्य संकेतस्थळांवर दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे चारशे डॉलरचे शुल्क लावले. परिणामी जगभरातील असंख्य पानांवर चित्रांच्या जागी एकाच ठशाची सूचना दिसू लागली. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवणही १ जून २०२१ पासून संपुष्टात आली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की स्वतःच्या जागेत गॅलरी उभारली की सर्व चिंता मिटली. पण तसे नाही. एके काळी छायाचित्रकारांच्या संकेतस्थळांवर फ्लॅश या तंत्रावर चालणाऱ्या गॅलऱ्यांचे मोठे आकर्षण होते. चित्रे पानांसारखी उलटत, संथपणे विरत, पार्श्वभूमीला सनई वाजत असे. आयफोनने हे तंत्र कधीच स्वीकारले नाही आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्याला निरोप दिला. ज्यांनी दालन बदलले नव्हते त्यांच्या संकेतस्थळावर उरला तो करडा चौकोन. 'गॅलरी' याच नावाची एक मोफत प्रणाली २००० सालापासून अनेकांच्या सर्व्हरवर नांदत होती. तिचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी २०१४ साली विकास थांबवला. कुलूप जुने झाले आणि नवी किल्ली करणारा कोणी उरला नाही, की घर आपले असूनही असुरक्षित होते, तसाच हा प्रकार.

म्हणून साधन निवडताना आत कसे शिरायचे याहून बाहेर कसे पडायचे, हे आधी तपासावे. एखाद्या सेवेत पन्नास चित्रे शीर्षकांसह चढवून पाहावीत आणि लगेच ती सर्व परत उतरवून घ्यावीत. मूळ चित्र त्याच आकारात परत मिळते काय? त्यासोबत शीर्षक, दिनांक, विषयवारी परत येते, की नुसताच चित्रांचा ढीग हाती पडतो? या एका तासाच्या प्रयोगातून जे कळते, ते कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही. दुसरी खबरदारी संकेतनामाची, म्हणजे डोमेनची. ते छायाचित्रकाराच्या स्वतःच्या नावावर नोंदलेले असावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे. अनेक लहान व्यावसायिकांची पंचाईत येथेच होते. नाव आपले असले म्हणजे उद्या भाड्याची जागा बदलली तरी गिऱ्हाइकाच्या हातातील पत्ता तोच राहतो. २०१४ पासून '.भारत' या अंत्यनामासह देवनागरीतही पत्ता घेता येतो. लग्नपत्रिकेवर वा दुकानाच्या पाटीवर तो सहज वाचला जातो.

यानंतर प्रश्न येतो वजनाचा. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण सहा हजार गुणिले चार हजार बिंदूंचे असते आणि त्याची जेपेग फाईल आठ-दहा मेगाबाइट भरते. अशी साठ चित्रे एका पानावर मूळ स्वरूपात ठेवली, तर पाहणाऱ्याच्या मोबाईलवर अर्ध्या गीगाबाइटचा भार पडेल. एवढा वेळ कोणीही थांबत नाही. तेच चित्र दोन हजार बिंदू रुंदीचे केले की त्यातील बिंदूंची संख्या नवव्या हिश्श्यावर येते आणि माफक संकोचन केल्यास फाईल अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास राहते. मोबाईलच्या पडद्यावर या दोहोंतील फरक डोळ्यांना जाणवत नाही. चांगले साधन हे काम आपोआप करते. वर्डप्रेस २०१९ पासून फार मोठ्या चित्राची २५६० बिंदूंची प्रत स्वतःहून करून घेते आणि २०२० पासून पडद्याखालची चित्रे, वाचक तेथवर पोचेपर्यंत, मागवत नाही. वेबपी या नव्या स्वरूपात फाईल आणखी लहान होते. साधन घेण्यापूर्वी त्याचे नमुना पान शहरातील वेगवान जोडणीवर न पाहता, एखाद्या वाडीवर, एक-दोन काड्यांच्या नेटवर्कवर उघडून पाहावे.

लग्नाच्या कामात गॅलरीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तालुका पातळीवरील छायाचित्रकारासाठी तो बहुधा सर्वांत मोलाचा आहे. एका लग्नात दोन-दोन हजार चित्रे निघतात. त्यांतून करिझ्मा अल्बमसाठी दीडदोनशे निवडायची असतात. पेनड्राइव्ह देणे, घरच्यांनी वहीत क्रमांक लिहून आणणे, मामांनी वेगळी यादी पाठवणे, त्यात महिने जाणे आणि तोवर उरलेली रक्कम अडकून पडणे, हा अनुभव या व्यवसायात सार्वत्रिक आहे. परवलीच्या शब्दाने उघडणाऱ्या खासगी दालनात ही चित्रे ठेवली आणि पसंतीच्या चित्रावर खूण करण्याची सोय दिली, तर पुण्यातील मामा आणि दुबईतील भाऊ एकाच वेळी निवड करू शकतात. ज्याच्या उत्पन्नाचा मुख्य भाग लग्नसराईतून येतो, त्याने ही सोय असलेली भाड्याची सेवा घेण्यात काहीच गैर नाही. मात्र ती कामापुरती घ्यावी. कायमचे दर्शनी दालन स्वतःच्या संकेतस्थळावर राहू द्यावे.

चित्रे चोरीला जातील, ही भीती अनेकांना सतावते. त्यासाठी माउसचे उजवे बटण बंद करणारी साधने विकली जातात. त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण पडद्याचे चित्र घेण्यास मोबाईलची दोन बटणे पुरतात. चित्राच्या मध्यावर ठसठशीत नाव उमटवल्याने चोर थबकतो खरा, पण गिऱ्हाईकही नाराज होते. मर्यादित आकाराची प्रत ठेवणे आणि चित्राच्या पोटात निर्मात्याचे नाव नोंदवणे, हे त्याहून शहाणपणाचे. वृत्तसंस्थांनी रूढ केलेल्या आयपीटीसी नोंदीत ते लिहिता येते. अनेक साधने लहान प्रत करताना ही नोंद पुसून टाकतात. आपले साधन तसे करते का, हे अवश्य पाहावे.

याच नोंदींत एक धोकाही दडलेला असतो. मोबाईलने काढलेल्या चित्रात ते घेतलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. सार्वजनिक कामांसाठी हाच गुण ठरतो. रोजगार हमीच्या कामांची चित्रे कामापूर्वी, काम चालू असताना आणि ते पूर्ण झाल्यावर अशा तीन टप्प्यांत स्थाननोंदीसह घेण्याची पद्धत २०१७ पासून सुरू झाली, ती यामुळेच. परंतु एखाद्या घरातील बारशाच्या चित्रात त्या घराचा ठावठिकाणा जगजाहीर होणे बरे नव्हे. शाळांनी तर याबाबत विशेष दक्ष राहिले पाहिजे. जे साधन निर्मात्याचे नाव राखते आणि स्थान तेवढे वगळते, ते उत्तम.

कायद्याचा एक मुद्दा फारसा ठाऊक नसतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्र काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती मानली जाते आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. तथापि मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाची चित्रे गॅलरीत लावण्यापूर्वी पावतीवरच तशी संमतीची ओळ छापून तिच्यावर सही घेणे अगत्याचे आहे.

मजकुराची बाजू मराठी छायाचित्रकार बहुधा सोडून देतात. 'डीएससी ०४५३' एवढेच नाव असलेले चित्र कोणत्याही शोधात सापडत नाही. 'आषाढी वारी, दिवे घाट' अशी ओळ लिहिली की ते सापडते. अल्बमच्या मांडणीसाठी वापरले जाणारे जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात. त्यांतील मजकूर संकेतस्थळावर उतरवला की निरर्थक चिन्हे उमटतात. तेव्हा ओळी युनिकोडमध्येच टंकित कराव्यात आणि साधन देवनागरी जोडाक्षरे नीट दाखवते ना, हे 'श्रीक्षेत्र', 'दऱ्याखोऱ्या' असे शब्द लिहून पडताळावे. दृष्टिहीन वाचकांचे वाचनयंत्र चित्राला जोडलेले पर्यायी वर्णन वाचून दाखवते. शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचनांत अशा वर्णनाची अपेक्षा आहे. म्हणून कार्यालयांनी ही सोय नसलेले साधन घेऊच नये.

खर्चाबाबत सांगण्यासारखे थोडे आहे. मोफत प्रणालीलाही होस्टिंगचे वार्षिक शुल्क आणि वेळोवेळी अद्ययावत करण्याचे श्रम लागतातच. ज्याला हे श्रम जमणार नाहीत, त्याने भाड्याची सेवा किंवा तयार पानांची तिसरी पद्धत पत्करावी. वर्षातून एकदाही न उघडलेले, जुन्या आवृत्तीचे प्लगइन हे घुसखोरांचे आवडते द्वार होय.

कोणतेही साधन घेतले तरी गॅलरीतील प्रत म्हणजे मूळ चित्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावांतील एखादी गल्ली, एखादा वाड्याचा दरवाजा कसा होता, हे आज कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधूनच समजू शकते. ते चित्र काढताना कोणालाही तसे वाटले नसेल. मूळ फाईली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर घ्याव्यात. त्यांपैकी एक दुकानात आणि दुसरी घरी ठेवावी, आणि दर दिवाळीला दोन्ही उघडून त्या वाचल्या जातात की नाही, हे पाहावे.