मोटारसायकलला मोठा कार्बोरेटर लावावा का?

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून जातो. मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांकडे वळले की मुरूम, दगड आणि नाल्यांतली रेती सुरू होते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अशा वाटांवर शिक्षक, वनरक्षक आणि तेंदूपत्त्याचे मुन्शी यांनी वर्षानुवर्षे टू-स्ट्रोक मोटारसायकली वापरल्या. राजदूत १७५ आणि यामाहा आरएक्स १०० ही त्यांतली परिचित नावे. या गाड्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. आरएक्स १०० तर १९९६ मध्येच बंद झाली. तरीही जपून ठेवलेल्या गाड्या आजही चालतात आणि त्यांच्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो : "मोठा कार्बोरेटर बसवा, गाडी चढावर सुसाट निघेल." हा सल्ला कितपत खरा आहे, हे तपासायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

कार्बोरेटर म्हणजे मध्ये अरुंद केलेली एक नळी. या अरुंद भागाला आपण घसा म्हणू. इंजिन हवा ओढते, ती घशातून जाताना तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. घशाखालच्या छोट्या टाकीत फ्लोटच्या साहाय्याने पेट्रोलची पातळी कायम राखलेली असते आणि त्या पेट्रोलवर वातावरणाचा दाब असतो. दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते आणि हवेत तुषारांच्या रूपाने मिसळते. थोडक्यात, पेट्रोल ओढण्याचे काम हवेचा वेगच करतो.

आता थोडे गणित करू. आरएक्स १०० चे इंजिन ९८ घन सेंमीचे आहे. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला हवा घेते. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे झाले आणि दर वेळी सिलिंडर पूर्ण भरला असे मानले, तर सेकंदाला ४९०० घन सेंमी हवा लागेल. घशाचा व्यास २० मिमी असेल, तर क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी आणि हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५.६ मीटर येतो. बर्नुलीच्या सूत्राने दाबातला फरक काढला तर तो पाण्याच्या सुमारे १४ मिमी उंचीच्या स्तंभाइतका भरतो.

समजा, त्या जागी २४ मिमीचा कार्बोरेटर बसवला. व्यास २० टक्क्यांनी वाढला, पण क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढले. तितकीच हवा आता सेकंदाला १०.८ मीटर वेगाने जाईल. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती निम्म्याहूनही कमी, साधारण ७ मिमी पाण्याइतकी उरेल. पेट्रोलला टाकीतल्या पातळीपासून घशापर्यंत काही मिलिमीटर चढायचेच असते, त्यामुळे एवढी ओढ अपुरी पडते. प्रत्यक्षात हवा धक्क्याधक्क्याने येते आणि त्या क्षणी ओढ सरासरीपेक्षा जास्त असते, पण दोन घशांमधली तुलना बदलत नाही. कमी फेऱ्यांवर मूठ एकदम पिळली की गाडी गुदमरते, ती यामुळे.

हे वर्गात दाखवता येते. पेल्यातल्या पाण्यात एक स्ट्रॉ उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे १ सेंमी वर ठेवा. दुसऱ्या स्ट्रॉने त्या टोकावरून आडवी, जोरात फुंकर घाला. पाणी वर चढून फवारा उडेल. आता तेवढीच फुंकर जाड नळीतून घाला. पाणी जेमतेम हलेल. (मोकळ्या झोतातला दाब आणि बंद नळीच्या घशातला दाब यांत फरक आहे, त्यामुळे हा प्रयोग कार्बोरेटरची हुबेहूब प्रतिकृती नाही. वेग घटला की ओढ घटते, हे मात्र त्यातून कळते.)

मग शर्यतीच्या गाड्यांना मोठे कार्बोरेटर का असतात? मिनिटाला ८००० फेऱ्यांवर २० मिमीच्या घशातून हवा सेकंदाला ४० मीटरहून अधिक वेगाने जाते. तिथे पेट्रोलची ओढ भरपूर असते, पण घसाच हवेला अडवू लागतो. शर्यतीचा चालक कायम त्याच फेऱ्यांवर असतो, म्हणून त्याला फायदा होतो. रेतीच्या नाल्यातून दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू निघणाऱ्या शिक्षकाची गरज नेमकी उलट असते. त्याला कमी फेऱ्यांवरचा भरवशाचा जोर हवा असतो आणि लहान घसा तो देतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे मिश्रणाचा. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्तीत जास्त शक्तीसाठी हे प्रमाण १३ च्या आसपास ठेवतात. तेव्हा जादा पेट्रोल वाफ होताना उष्णताही शोषून घेते. डिसेंबरच्या पहाटे तापमान १० अंश असते आणि मे महिन्यात चंद्रपूरला ते ४५ अंशांवर जाते. या दोहोंत हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी घटते. पेट्रोलचा प्रवाह मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण सुमारे ६ टक्क्यांनी दाट होते. गाडी धूर सोडते, प्लग काळा पडतो आणि मिस्त्री लहान जेट टाकतो. मे महिन्यापुरते हे बरोबरच आहे.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जळायला ९ पटच हवा पुरते. या मिश्र इंधनाचा हिशोब सुमारे १३.५ येतो. म्हणजे तितक्याच हवेसाठी साधारण ८ टक्के अधिक इंधन लागते. जुना जेट ते देत नाही. शुद्ध पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर १३ चे प्रमाण १४ होते. मे महिन्यातला लहान जेट डिसेंबरमध्ये तसाच राहिला, तर ते १५ च्या जवळ पोहोचते. इथेनॉलची वाफ होताना अधिक उष्णता शोषली जाते, पण त्याने थोडीच भरपाई होते.

टू-स्ट्रोकमध्ये हे अधिक धोक्याचे आहे. राजदूतसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. जेटमधून इंधन कमी आले की वंगणही कमी येते आणि त्याच वेळी पिस्टन अधिक तापतो. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल त्यात उतरते आणि हा जड थर तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि कॉकमधून इंजिनकडे आधी जातो तो तळाचा, बिनऑइलचा थर. भर जंगलात, पुढचे गॅरेज तीस किलोमीटरवर असताना इंजिन जाम होणे ही साधी गैरसोय नव्हे.

तेव्हा सुधारणा करायची ती कुठे? कार्बोरेटर मूळ मापाचाच ठेवावा. मेन जेट एक-दोन पायऱ्यांनी मोठा घ्यावा. ८ टक्के अधिक प्रवाहासाठी छिद्राचा व्यास केवळ ४ टक्क्यांनी वाढावा लागतो. १ मिमीच्या छिद्रासाठी हा बदल ०.०४ मिमीचा आहे. यावरून जेटमध्ये तार घालून साफ करणे किती घातक आहे हे लक्षात येईल. पितळ मऊ असते आणि तारेने छिद्र नकळत मोठे होते. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावा. एअर फिल्टर काढून 'गाडी मोकळी' करण्याचा मोहही टाळावा. त्याने मिश्रण पातळ होते आणि मुरुमाची धूळ सिलिंडर घासते. टू-स्ट्रोकमध्ये तर ती धूळ क्रँककेसमधून, बेअरिंगवरून जाते.

निकाल प्लग सांगतो. चढावर पूर्ण मूठ देऊन चालवल्यावर इंजिन तिथेच बंद करून, थोडे निवल्यावर प्लग काढावा. पांढरट असेल तर मिश्रण पातळ, काळा व ओला असेल तर दाट आणि तपकिरी असेल तर ठीक. ऋतू बदलला, इंधन बदलले की ही तपासणी पुन्हा करावी. आठवी-नववीच्या मुलांना घनता, दाब आणि रासायनिक प्रमाण हे तिन्ही धडे एकाच प्लगवरून शिकवता येतील. तो प्लग शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीतच असतो.