मागच्या सीटवरचं मूल : समज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी मराठी कुटुंबं शाळांना सुट्टी लागली की मोटारीनं कोल्हापूर-पुण्याकडे निघतात. मोठी माणसं पुढे पट्टा लावतात. मुलं मागे मोकळीच असतात. त्यामागचे हे काही समज.

गैरसमज : मागे बसलं की पट्ट्याची गरज नाही.
वस्तुस्थिती : मुलांची जागा मागेच, पण बांधलेली. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार धडकली. मागे पट्ट्याविना बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दगावले. पुढचे दोघे वाचले.

गैरसमज : बाळ आईच्या मांडीवर सुरक्षित.
वस्तुस्थिती : ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे 140 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणाच्याच हातात नसते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर आईच्या भारानं बाळ चिरडतं.

गैरसमज : मोठ्यांचा पट्टा मुलांनाही चालतो.
वस्तुस्थिती : लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो, धडकेत मान आणि पोटातले अवयव दुखावतात. पट्टा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसेपर्यंत मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट हवी. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान नाजूक, म्हणून त्याची सीट मागे तोंड करून बसवतात. धक्का मग सगळ्या पाठीवर विभागला जातो.

गैरसमज : एअरबॅग आहेत, काळजी नको.
वस्तुस्थिती : एअरबॅग मोठ्यांच्या अंगाचा विचार करून बनवलेली असते आणि क्षणार्धात प्रचंड जोरानं फुगते. ती चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली बाळाची सीट बसवणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : जवळच तर जायचंय, आणि कायदाही काही म्हणत नाही.
वस्तुस्थिती : धडक अंतर पाहून होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 194-ब नुसार, 14 वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालसीटनं बांधलेलं नसेल, तर 1,000 रुपये दंड आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या हिशेबानुसार, बालसीटमुळे मोटारीतल्या एक वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी घटतो.

सीट घेताना किंमत आणि रंग नंतर पाहा. आधी भारतीय एआयएस-072 किंवा युरोपीय आर-129 मानकाची खूण शोधा, मुलाची उंची आणि वजन तपासा. अपघातात सापडलेली जुनी सीट पुन्हा वापरू नका. आणि मागचा प्रत्येक पट्टा लागल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका.