वाफेच्या छोट्या इंजिनांचा संग्रह

लखनौ म्हटले, की मराठी वाचकाला पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तेथे सुरू झालेले संगीत विद्यालय आठवते. या शहराला वाफेच्या यंत्राच्या इतिहासातही स्थान आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अवधचा शासक गाजीउद्दीन हैदर याच्यासाठी १८१९ च्या सुमारास गोमती नदीत वाफेवर चालणारी एक नौका सोडण्यात आली. भारतातील अगदी पहिल्या बाष्पनौकांत तिची गणना होते. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, त्याच्या तीसहून अधिक वर्षे आधी लखनौच्या लोकांनी वाफेचे इंजिन चालताना पाहिले होते. आणि ते कारखान्यासाठी नव्हे, तर राजाच्या करमणुकीसाठी आणलेले होते. एका परीने ते एक मोठे खेळणेच होते.

पुढे १८६७ मध्ये कानपूर ते लखनौ हा लोहमार्ग सुरू झाला. चारबाग येथे इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. रेल्वेच्या इंजिनांची आरेखने व मानके ठरवणारी आर. डी. एस. ओ. ही १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्थाही याच शहरात, मानकनगर भागात आहे. परंतु १९९५ च्या डिसेंबर महिन्यात भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरची वाफेच्या गाड्यांची नियमित सेवा संपली. मीटरगेजवरील इंजिनेही त्यानंतर काही वर्षांतच थंडावली. आज ज्या मुलाला वाफेचे इंजिन प्रत्यक्ष हाताळून समजून घ्यायचे आहे, त्याला कोणत्याही शेडमध्ये फायरमनच्या हाताखाली उभे राहता येणार नाही. त्याच्यापुढे बहुधा एकच वाट उरते, ती म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या इंजिनाची. म्हणूनच या छंदाकडे केवळ शोभेच्या वस्तू जमवण्याचा छंद म्हणून पाहू नये.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. खेळण्यातील इंजिन आणि प्रतिकृती या दोन निराळ्या वस्तू आहेत. प्रतिकृतीमध्ये मूळ इंजिनाची प्रत्येक मोजमापे ठरावीक प्रमाणात लहान केलेली असतात. खेळण्यात प्रमाणाची फिकीर नसते. ते चालले म्हणजे झाले. संग्राहक बहुधा प्रतिकृतीला अधिक मान देतात. परंतु यंत्र समजून घ्यायचे असेल, तर साधे खेळणे अधिक शिकवते, असे माझे मत आहे. कित्येक सुंदर प्रतिकृती विजेच्या छोट्या मोटारीवर चालतात, तर खेळण्यात खरे पाणी उकळते.

लहान यंत्र म्हणजे मोठ्या यंत्राची निव्वळ छोटी आवृत्ती, असेही समजू नये. ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या इंजिनाचे एक छोटे नमुनायंत्र होते. १७६३ च्या सुमारास ते दुरुस्तीसाठी जेम्स वॉट याच्याकडे आले. यंत्र जोडून झाले, तरी ते थोडे हेलकावे घेऊन थांबे. बॉयलरची वाफ पुरतच नसे. वस्तू लहान झाली, की तिच्या आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग वाढतो. त्यामुळे छोटे सिलिंडर फार लवकर थंड होई आणि आत येणारी बरीचशी वाफ ते पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. मोठ्या इंजिनातही हा अपव्यय होतच होता, पण तो नजरेत भरत नव्हता. छोट्या यंत्राने तो उघडा पाडला. वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना वॉटला १७६५ मध्ये सुचली, ती या विचारातून. ते नमुनायंत्र ग्लासगो येथील संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहे.

आता प्रारंभ कोठून करावा? परदेशी इंजिनांच्या किमती पाहून पुष्कळ जण पहिल्याच पायरीवर माघार घेतात. खरे तर पहिले इंजिन जत्रेतच मिळू शकते. मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या वातीवर ‘फट् फट्’ असा आवाज करत परातीतल्या पाण्यात फिरणारी पत्र्याची होडी अनेकांनी पाहिली असेल. तिचे पहिले एकस्व इंग्लंडमध्ये १८९१ मध्ये घेतले गेले. लखनौच्या डालीगंज भागात कार्तिकी पौर्णिमेपासून भरणारा कतकी मेळा असो वा आपल्याकडच्या जत्रा, जेथे पत्र्याची खेळणी मांडलेली असतील तेथे तिचा शोध घ्यावा.

या होडीत दट्ट्या नाही, चाक नाही. पातळ पत्र्याची एक डबी आणि तिच्यापासून मागे गेलेल्या दोन नळ्या, एवढाच तिचा सरंजाम. आधी नळ्यांतून डबीत पाणी भरावयाचे. ज्योतीने त्या पाण्याची वाफ होते आणि ती नळीतले पाणी मागे ढकलते. लगेच वाफ थंड होऊन आकसते व बाहेरचे पाणी पुन्हा आत ओढले जाते. मग जितके पाणी बाहेर गेले तितकेच आत आले, तर होडी जागच्या जागी का डुलत नाही? बाहेर पडणारे पाणी एका धारेने सरळ मागे जाते; आत येणारे मात्र नळीच्या तोंडाभोवतीच्या सर्व दिशांनी गोळा होते. त्यामुळे मागच्या धारेचा जोर शिल्लक राहतो आणि होडी पुढे सरकते.

दुसरे इंजिन स्थिर प्रकारचे असावे. पितळी बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा, एक सिलिंडर आणि फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारे जड चाक, असे त्याचे रूप असते. जर्मनीतील बिंग, मार्कलिन व विलेस्को, इंग्लंडमधील बोमन आणि मॅमॉड ही या क्षेत्रातील प्रसिद्ध नावे. अशा साध्या इंजिनांत बहुधा सिलिंडरच मागेपुढे डुलते. डुलताना त्याच्या बाजूचे छिद्र एकदा वाफेच्या वाटेसमोर आणि एकदा बाहेर पडण्याच्या वाटेसमोर येते. निराळी झडप लागतच नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये मिळणारी अशी पितळी इंजिने चालताना जमिनीवर पाण्याची रेघ ओढत जात. म्हणून लोक त्यांना थट्टेने ‘लाळगळी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

जुने इंजिन घ्यावयाचे, तर लखनौच्या नख्खास भागातील रविवारचा बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार अशा ठिकाणी चिकाटीने फिरावे लागते. हाती काही लागेलच याची खात्री नाही. लागले, तर विक्रेत्याच्या देखत ते पेटवण्याचा मोह टाळावा. प्रथम बॉयलरचे सांधे पाहावेत. खेळण्यातील बॉयलर पुष्कळदा मऊ डाकाने जोडलेला असतो आणि असा डाक साधारणपणे दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. आत पाणी आहे तोवर पत्रा पाण्याहून फारसा तापत नाही, म्हणून सांधे टिकतात. पाणी आटले आणि खाली ज्योत चालू राहिली, की डाक सुटतो. ज्याच्या सांध्यांवर डाकाचे ओघळ दिसतात, ते इंजिन कोरडे तापलेले आहे असे समजावे.

बॉयलरची परीक्षा वाफेने करू नये. थंड पाणी काठोकाठ भरून त्यावर हातपंपाने हळूहळू दाब द्यावा. दाबलेल्या पाण्यात ऊर्जा फार थोडी साठते, त्यामुळे सांधा गेला तर पाणी नुसते पाझरते. दाबलेली वाफ मात्र फुटताक्षणी प्रचंड पसरते. सुरक्षा झडप मोकळी हलते की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे. ती गळते म्हणून घट्ट आवळणे हा जिवावरचा खेळ आहे. डब्ल्यू. पी. जातीच्या मोठ्या इंजिनात दर चौरस इंचास २१० पौंड दाब असे. खेळण्यात तो त्याच्या दशांशाच्या आसपास असतो, तरीही तोंड भाजायला तेवढा पुरतो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. दिवा विझला असे समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतणे हे अपघाताचे मोठे कारण आहे. दिवा पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि लहान मुलांजवळ मोठे माणूस असावेच. जुन्या दिव्यांच्या वातीत व वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती खरवडू नये. पाणी ऊर्ध्वपातित किंवा गाळलेले पावसाचे वापरावे, कारण कूपनलिकेच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर चढतो.

नवख्या संग्राहकाच्या हातून इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते मात्र प्रेमापोटी. तो पितळ घासून लखलखीत करतो, उडालेला रंग पुन्हा देतो. मूळ रंग एकदा गेला, की कारखान्याची खूण, वापराच्या खुणा, सारेच पुसले जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, पोलादी भागांना तेलाचा हात द्यावा, चालवून झाल्यावर बॉयलरमधील पाणी काढून टाकावे. याहून अधिक काही करू नये. मूळ खोका, पाना, सूचनापत्रक ही अडगळ वाटली तरी टाकू नयेत.

ज्याला भारतीय रेल्वेच्या प्रतिकृती हव्या आहेत, त्याच्यापुढे एक निराळीच अडचण येते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ ने तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. म्हणजे भारतीय इंजिन बाजारातील रुळांवर ठेवले, की त्याचे पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात. मीटरगेज मात्र या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटरचा होतो आणि १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. लखनौच्या ऐशबागहून सीतापूरकडे जाणारा मीटरगेज मार्ग २०१६ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. तो टेबलावर उभारणे त्यामुळे ब्रॉडगेजपेक्षा सोपे आहे.

विकत घेण्यापूर्वी पुष्कळ पाहावे. दिल्लीच्या चाणक्यपुरीत १९७७ पासून असलेल्या रेल्वे संग्रहालयाशी १८५५ मध्ये बांधलेल्या ‘फेअरी क्वीन’ या इंजिनाचे नाव जोडलेले आहे. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. सिग्नल, रूळ आणि गाड्या यांचा मेळ कसा घातला जातो, हे तेथे उत्तम समजते.

प्रत्येक इंजिनासाठी वहीचे एक पान राखावे. ते कोठून आले, आधी कोणाकडे होते, त्यावर कोणती अक्षरे कोरलेली आहेत, किती पाण्यावर किती मिनिटे चालले, कोणता भाग बदलला आणि जुना भाग कोठे ठेवला, हे तारखेसह लिहावे. देणारा माणूस जुना रेल्वे कर्मचारी असेल, तर त्याला इंजिनाविषयी विचारावे आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्या पानावर उतरवून घ्यावे.