जीन दुरुस्त करणारी ‘कात्री’ आणि आपल्या घरातला सिकलसेल

गेल्या महिन्यात वस्तीत तपासणी शिबिर होतं. एक आई अकरावीतल्या मुलाला घेऊन आली. वर्षातून तीन-चारदा त्याचे हातपाय, पाठ असे दुखतात की रात्रभर झोप नाही. तिने मोबाईलवरची बातमी दाखवली. “ताई, जीन बदलला की सिकलसेल बरा होते म्हणे. माह्या पोराले केव्हा भेटन?”

बातमी खरी आहे. पण ती नीट समजून घ्यायला हवी, कारण विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे तसा आपल्या समाजातही बराच आहे.

रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते कसं बनवायचं हे सांगणाऱ्या जीनमध्ये एका अक्षराची चूक असते. तेवढ्याने गोल, मऊ पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून ती कळ. पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. (डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडपाला देतात. वॉर्डात असताना असे कितीतरी रुग्ण उशिरा आलेले मी पाहिले.) हे कुणाच्या पापाचं फळ नाही, की रक्त ‘खराब’ असल्याची खूण नाही. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, कारण एकच सदोष जीन असलेल्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं.

आता ती कात्री. क्रिस्पर नावाचं हे तंत्र 2012 मध्ये पुढे आलं. ते शोधणाऱ्या शार्पेंतिये आणि डाउडना या दोन बायांना 2020 चं नोबेल मिळालं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याने पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर शरीर ते बनवणं बंद करतं. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढून ही ‘बंद’ करणारी कळच कापतात, मग पेशी परत शरीरात सोडतात. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली, बारा वर्षांवरील रुग्णांसाठी. चाचणीत 31 पैकी 29 जणांना निदान वर्षभर तीव्र कळ आली नाही.

पण मान्यतेच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय आधी कॅन्सरला देतात तसं कडक औषध देऊन हाडातला जुना मगज रिकामा करावा लागतो. त्याने पुढे मूल न होण्याचा धोका असतो. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. ते आपल्यापर्यंत सरकारी दवाखान्यातूनच आलं पाहिजे, यासाठी आतापासून बोलावं लागेल.

आणखी एक गोष्ट बातमीत नसते. या उपचाराने फक्त रक्त बनवणाऱ्या पेशी बदलतात. बरा झालेला माणूसही सदोष जीन पुढच्या पिढीला देतोच.

म्हणून तपासणीला पर्याय नाही. वाहक, म्हणजे एएस, हा आजारी नसतो. पण आई-बाप दोघं एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. पहिलं बाळ चांगलं निघालं म्हणून दुसरं निघेलच असं नाही. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. तीत दोष दिसला तर एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळतं. लग्न ठरवण्याआधी दोघांची तपासणी करा. फक्त मुलीचा रिपोर्ट मागून लग्न मोडणारे भेटतात, त्यांचा मला राग येतो. मुलगा एए असेल तर एएस मुलीशी लग्नाला काहीच अडचण नाही. दोघंही एएस असून लग्न झालंच असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा, पोटातल्या बाळाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते.

एसएस मुलासाठी आजही हायड्रॉक्सियुरिया आहे. हे औषधही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं, कळ कमी येते. रोज घ्यायचं, अधूनमधून रक्त तपासायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही. भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडे. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

त्या मुलाला आता गोळी सुरू झाली आहे. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी कधीच झाली नव्हती. तिचं रक्त घेतलं, रिपोर्ट यायचा आहे.