कोणी पाहत नसतानाचं जग

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ, १९६०च्या सुमारास बारापासॉरस या अजस्र डायनासोरची हाडं सापडली. त्याच तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेले वृक्षांचे ओंडके दिसतात. हे सगळं जुरासिक काळातलं. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

तरीही ‘कोणी पाहिल्याशिवाय जगाला अस्तित्वच नसतं, हे क्वांटम विज्ञानानं सिद्ध केलंय’ असं व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून बिनदिक्कत सांगितलं जातं. तसं काहीही सिद्ध झालेलं नाही.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही, हे मात्र खरं. क्वांटम मोजमाप पूर्ण होण्यासाठी पाहणाऱ्याची जाणीव लागते, असं युजीन विग्नर या थोर भौतिकशास्त्रज्ञानं १९६१मध्ये मांडलं होतं. पुढे त्यानं स्वतःच ते मत सोडलं. ही दुसरी गोष्ट फॉरवर्ड होत नाही.

प्रयोग काय सांगतो? सत्तर कार्बन अणूंचा रेणूसुद्धा एकाच वेळी अनेक वाटांनी जाणाऱ्या लहरीसारखा वागतो आणि व्यतिकरणाचे पट्टे उमटवतो. २००४मध्ये व्हिएन्नात असे रेणू लेसरनं खूप तापवले गेले. तापलेले रेणू वाटेत प्रकाशकण सोडू लागले. रेणू कोणत्या वाटेनं गेला याची खूण त्या कणांबरोबर आसपास पसरली आणि पट्टे पुसट होत नाहीसे झाले. ते प्रकाशकण कोणी टिपले नव्हते, त्यांच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. भोवतालाशी झालेली देवाणघेवाण पुरेशी ठरली.

याहून जुना पुरावा खडकांत आहे. किरणोत्सारी ऱ्हास ही अस्सल क्वांटम घटना. ग्रॅनाइटमधल्या काळ्या अभ्रकात त्यानं कोरलेली सूक्ष्म वलयं दिसतात. त्यांचा उलगडा भूशास्त्रज्ञ जॉन जोलीनं १९०७मध्ये केला. कोट्यवधी वर्षं ती वलयं साक्षीदाराविना उमटत होती.

भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरच्या मांजरीच्या काल्पनिक प्रयोगाचाही विग्नरच्या मतासारखाच अर्धवट प्रसार झाला. मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेली असते हे पटवायला नव्हे, तर असा निष्कर्ष किती विचित्र आहे हे दाखवायला त्यानं १९३५मध्ये तो प्रयोग मांडला. तो उपनिषदांचा मनापासून अभ्यासक होता. पण त्याच्या समीकरणातून अद्वैत सिद्ध होत नाही. अद्वैताला स्वतःचं तत्त्वज्ञान आहे. त्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही, आणि तो शिक्का खोटा मारणं दोन्हींचा अपमान आहे.

याचा अर्थ कोडं सुटलं असाही नाही. भोवताल पट्टे का पुसतो हे कळतं. अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का अनुभवाला येते, हे त्यातून कळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७च्या मतानुसार सगळ्याच शक्यता आपापल्या शाखेत घडतात. भौतिकशास्त्रज्ञ बोमच्या १९५२च्या मांडणीत कणाला कायम निश्चित जागा असते. या दोघांची भाकितं सर्वसाधारण क्वांटम सिद्धांतासारखीच येतात, म्हणून ‘हा नुसता शब्दांचा वाद’ असं म्हटलं जातं. तेही अर्धवट आहे. लहर आपोआप कोसळते, म्हणजे अनेक शक्यतांमधून एकच उरते, असं मानणाऱ्या सिद्धांतांची भाकितं वेगळी असतात आणि तपासता येतात. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, गुरुत्वाकर्षणामुळे लहर कोसळते या डिओशी-पेन्रोज कल्पनेचं सर्वांत साधं रूप २०२०मध्ये बाद ठरलं.