रंगवलेल्या नायलॉन चाकांचा मूळ रंग

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडिंगच्या स्कायवे कंपनीने बीएमएक्स सायकलींसाठी 'टफ व्हील' आणलं: तारा नाहीत, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे जाड आरे. अनेक पोरांनी पांढरी चाकं कापडाच्या रंगात उकळून लाल-निळी केली. आज संग्राहकांना तीच पुन्हा पांढरी हवी आहेत.

नायलॉन लोकरीसारखाच रंग पितं, पण वरच्या पातळ थरापुरतं. कारखान्यात रंग मालातच मिसळलेला असतो, तो आरपार जातो. म्हणून आधी आसाजवळच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडने किंचित खरवडावं. आत पांढरं दिसलं, तर रंग मागून चढवलेला आहे.

तो उतरवायला सोडियम हायड्रोसल्फाइट लागतं. आपल्याकडचे रंगारी त्याला नुसतं 'हायड्रो' म्हणतात. बेअरिंग काढून अख्खं चाक बुडेल असं पसरट भांडं घ्यावं. अर्धंच बुडालं तर पाण्याच्या रेषेवर पट्टा उमटतो, आणि तो जाता जात नाही. पाणी चांगलं गरम हवं, पण चाक तळावर टेकू देऊ नये, वाकतं. वास उग्र येतो, तेव्हा हे काम अंगणातच. हायड्रोत आम्ल किंवा ब्लीच चुकूनही मिसळू नये.

सगळेच रंग पूर्ण सुटत नाहीत; उरलेली छटा बारीक पॉलिश पेपरने ओल्यानेच घासावी. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र चाक घालू नका, त्याने नायलॉनच कमकुवत होतं.